वाचकांचे प्रश्न : एक बिट बदलायला गेलो, पाच बदलले

मागच्या अंकात यूआर्टवर (चिपमधलं साध्या सिरियल संवादाचं मॉड्यूल) लिहिलं होतं, त्यानंतर जे मेल आले त्यातले बरेच यूएसबीबद्दल आहेत आणि बहुतेकांच्या हातात एकच बोर्ड आहे, निळ्या रंगाचा स्वस्त ‘ब्लू पिल’, त्यावर एसटी कंपनीची एसटीएम३२एफ१०३ ही चिप. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवले आणि सगळी उत्तरं याच चिपच्या यूएसबी मॉड्यूलवर दिलीत. लायब्ररी न वापरता हे करून बघणारी इतकी मुलं आहेत हे बघून खरंच बरं वाटलं.

प्रश्न : नमस्कार सर, मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सांगलीत. ब्लू पिलवर सगळं रजिस्टर लेव्हलला करतोय, म्हणजे चिपच्या नियंत्रणाच्या खणांत (रजिस्टरांत) थेट बिट लिहून. एलईडी, टायमर, यूआर्ट झालं, यूएसबीला अडकलोय. पीसीकडून पहिलं सेटअप पॅकेट (पीसीची विनंती सांगणारं) येतं, इंटरप्ट पण येतो, मी डिस्क्रिप्टर (डिव्हाइसची ओळख सांगणारी माहिती) बफरमध्ये भरतो आणि मग एंडपॉइंट झिरोच्या (एंडपॉइंट म्हणजे डेटा ये-जा करायचं डिव्हाइसचं एक दार) रजिस्टरमध्ये ट्रान्समिट ‘व्हॅलिड’ करायला फक्त बिट ४ ऑर करतो. तिथे आधी १० असतं, ते ११ व्हायला पाहिजे. पण डीबगरमध्ये ०१ दिसतं आणि बाकीचे बिट पण हललेले असतात. विंडोज म्हणतं डिव्हाइस ओळखता येत नाही. चिप डुप्लिकेट आली असेल का?

चिपला दोष देऊ नका, अस्सल असो की डुप्लिकेट, तुम्ही जे लिहिलंत त्यावर ती हेच करणार. तुम्ही डीबगरमध्ये आधीचं आणि नंतरचं दोन्ही बघितलंत हे फार चांगलं केलंत, कारण अख्खं उत्तर त्या दोन आकड्यांत आहे.

आधी मांडणी बघू. यूएसबी मॉड्यूलची रजिस्टरं हेक्स ४०००५सी०० या पत्त्यापासून सुरू होतात. पहिली आठ एंडपॉइंटची, ईपी०आर ते ईपी७आर, चार-चार बाइटच्या अंतराने, पण प्रत्येकात कामाचे बिट सोळाच. मग थोडी मोकळी जागा आणि हेक्स ४० या ऑफसेटपासून पाच सामायिक रजिस्टरं : सीएनटीआर म्हणजे कंट्रोल, आयएसटीआर म्हणजे इंटरप्ट स्टेटस, एफएनआर म्हणजे फ्रेम नंबर, डीएडीडीआर म्हणजे डिव्हाइसचा पत्ता आणि बीटेबल. एवढी तेराच. तिसरा भाग रजिस्टरांत नाहीच, तो पॅकेट मेमरीत, म्हणजे यूएसबीच्या पॅकेटांसाठीच्या वेगळ्या मेमरीत असतो, त्याचं खालच्या प्रश्नात बघू.

सामायिक पाचांत फार गुंतागुंत नाही. सीएनटीआर रीसेटनंतर ३ असतं, म्हणजे पॉवर-डाउन आणि फोर्स-रीसेट दोन्ही बिट चढलेले, १ असलेले. आधी पॉवर-डाउन उतरवायचा, ॲनालॉग भागाला जाग यायला १ मायक्रोसेकंद द्यायचा, मग फोर्स-रीसेट उतरवायचा. वरच्या आठ बिटांत कुठकुठले इंटरप्ट हवेत ते, आणि गंमत अशी की तेच इंटरप्ट आयएसटीआरमध्ये त्याच बिट नंबरवर येतात, म्हणजे बस रीसेटचा (पीसीने केबलवरून दिलेल्या रीसेटचा) मास्क, तो इंटरप्ट चालू करणारा, बिट १० ला तर रीसेटचा फ्लॅगही बिट १० लाच. हे मला फार आवडतं, एकदा लक्षात ठेवलं की दोन्हीकडे चालतं. एफएनआरमध्ये ११ बिटांचा फ्रेम नंबर, दर मिलिसेकंदाला एक वाढतो.

आता ईपी०आर, घोडं इथेच पेंड खातं. वरून खाली वाचा. बिट १५ ‘काहीतरी मिळालं’ हा फ्लॅग, सीटीआर-आरएक्स. १४ रिसीव्हचा डेटा टॉगल, म्हणजे लागोपाठच्या पॅकेटांना ०-१ असा आलटून पालटून लागणारा क्रमांक. १३-१२ रिसीव्हची स्थिती. ११ ‘मिळालं ते सेटअप होतं’. १०-९ एंडपॉइंटचा प्रकार, बल्क ००, कंट्रोल ०१, आयसोक्रोनस १०, इंटरप्ट ११. ८ खास उपयोगाचा. ७ ‘पाठवून झालं’ हा फ्लॅग, सीटीआर-टीएक्स. ६ ट्रान्समिटचा डेटा टॉगल. ५-४ ट्रान्समिटची स्थिती. खालचे चार एंडपॉइंटचा नंबर. स्थितीचे अर्थ दोन्हीकडे सारखे : ०० डिसेबल्ड म्हणजे बंद, ०१ स्टॉल म्हणजे ‘जमणार नाही’, १० नॅक म्हणजे ‘आत्ता नाही, थांबा’, ११ व्हॅलिड म्हणजे तयार.

आता आरएम०००८ हे रेफरन्स मॅन्युअल उघडा आणि ईपीएनआरच्या चित्रात प्रत्येक बिटच्या खाली जी बारीक अक्षरं आहेत ती बघा, जी आपण सगळेच सोडून देतो. काहींच्या खाली ‘आरडब्ल्यू’, ते साधे, लिहाल ते बसतं. सेटअप बिटखाली नुसतं ‘आर’. दोन्ही सीटीआर फ्लॅगखाली ‘आरसी-डब्ल्यू०’, म्हणजे ० लिहिलं तर पुसलं जातं, १ लिहिलं तर काही होत नाही. आणि दोन्ही डेटा टॉगल आणि दोन्ही स्थितींच्या खाली ‘टी’. टी म्हणजे टॉगल, १ लिहिलं की बिट उलटा होतो, ० लिहिलं तर आहे तसा राहतो.

आता तुमचाच आकडा घ्या. सेटअप आल्यावर रजिस्टर असं असतं : १११० १०१० ०११० ००००. मिळालं, रिसीव्ह टॉगल १, रिसीव्ह नॅक, सेटअप, प्रकार कंट्रोल, ट्रान्समिट टॉगल १, ट्रान्समिट नॅक. तुम्ही ऑर केलंत, म्हणजे प्रोसेसरने आधी हे वाचलं, बिट ४ चढवला आणि १११० १०१० ०१११ ०००० हे परत लिहिलं. जिथे जिथे टी आहे आणि तुमच्या आकड्यात १ आहे तो प्रत्येक बिट उलटला. बिट १४ उलटला, १३ उलटला, ६ उलटला, ५ उलटला आणि ४ उलटला. उरलं १००० १०१० ०००१ ००००. ट्रान्समिट १० वरून ०१, म्हणजे स्टॉल. रिसीव्ह १० वरून ००, म्हणजे डिसेबल्ड. पीसीने डिस्क्रिप्टर मागितला, तुमच्या डिव्हाइसने ‘जमणार नाही’ सांगितलं आणि वर कानही बंद करून घेतले. विंडोज बिचारं दुसरं काय म्हणणार.

बरोबर कसं लिहायचं? रजिस्टर वाचा आणि १००० ११११ १००० ११११ या मास्कने अँड करा, म्हणजे टी वाले सगळे बिट ० होतात. मग जो उलटवायचा आहे तेवढाच चढवा, इथे बिट ४. आणि दोन्ही सीटीआरच्या जागी, म्हणजे १५ आणि ७ ला, १ ठेवा. लिहायचा आकडा होतो १००० १०१० १००१ ०००० आणि लिहून झाल्यावर रजिस्टरात दिसतं १११० १०१० ०१११ ००००, म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून जे हवं होतं तेच. स्थिती आधी काय आहे हे माहीत नसेल तर हवी ती स्थिती आणि आत्ताची स्थिती यांचा एक्स-ऑर घ्या, जे १ येतील तेच उलटवायचे बिट.

तुम्ही विचाराल की हे इतकं वाकडं केलं कशाला. वाकडं नाहीये, गरजेचं आहे. एलईडीच्या पोर्टवर तुम्ही एकटे लिहिता. इथे एका सातबाऱ्यावर दोघांची नावं आहेत, तुमचं आणि हार्डवेअरचं. तुम्ही रजिस्टर वाचलं आणि परत लिहिणार तेवढ्यात केबलवरून पॅकेट येऊन हार्डवेअरने रिसीव्ह व्हॅलिडचं नॅक केलं, सीटीआर चढवला, टॉगल फिरवला, आणि तुम्ही मघाचा शिळा आकडा वरून लिहिलात तर ते सगळं पुसलं जाईल आणि एक पॅकेट गायब होईल, तेही हजारातून एकदा, म्हणजे शोधायला महिना. म्हणून प्रत्येक बिटला ‘मी याला हात लावत नाही’ असं सांगायची सोय दिली आहे, फक्त ते सांगायची पद्धत वेगवेगळी, टी ला ० लिहून सांगायचं आणि सीटीआरला १ लिहून. आरडब्ल्यूवाल्यांत आहे तेच परत लिहायचं, ते हार्डवेअर चालू कामात बदलत नाही.

आयएसटीआरचंही हेच, तिथले फ्लॅग ० लिहून पुसतात. रीसेटचा फ्लॅग पुसायचा तर त्या बिटला ० आणि बाकी सगळीकडे १ असा आकडा सरळ लिहून टाका. आधी वाचून, अँड करून परत लिहू नका, मध्ये आलेला दुसरा फ्लॅग वाचताना ० दिसलेला असतो, तोही पुसला जातो. आयएसटीआरमधला सीटीआर बिट मात्र इथून पुसला जात नाही, तो ईपीएनआरमधले फ्लॅग पुसले की आपोआप जातो.

एक गोष्ट अजून. तुम्ही सीटीआर-आरएक्स कधी पुसता ते सांगितलं नाहीत. सेटअपचे ८ बाइट आधी बफरमधून काढून स्वतःच्या रॅममध्ये घ्या आणि मगच फ्लॅग पुसा. फ्लॅग चढलेला असताना नवीन सेटअप आलं तर हार्डवेअर ते टाकून देतं, उत्तरच देत नाही, पीसी ते परत पाठवतो, म्हणजे तोपर्यंत जुने ८ बाइट सुरक्षित. आधी पुसलंत तर ती हमी गेली.

आणि सुरुवातीचं सोपं आहे. बस रीसेट आला की ईपीएनआर सगळे शून्य होतात, दोन सीटीआर फ्लॅग सोडून, त्यामुळे तिथे हेक्स ३२२० सरळ लिहिलं तरी चालतं, शून्यावर टॉगल केलं की लिहाल तेच येतं. रिसीव्ह व्हॅलिड, कंट्रोल, ट्रान्समिट नॅक. बऱ्याच जणांचं हे पहिलं लिखाण बरोबर चालतं आणि म्हणून वाटतं की रजिस्टर साधंच आहे, दुसऱ्या लिखाणाला बिघडतं.

प्रश्न : आमचं पहिलं पॅकेट पीसीपर्यंत जातंय. पण ॲनालायझर लावून बघितलं तर १८ बाइटच्या डिव्हाइस डिस्क्रिप्टरमधले पहिले दोन बाइट बरोबर, मग पुढचे दोन गायब, त्यापुढचे दोन बरोबर, असं एक सोडून एक जातंय आणि शेवटी कचरा. मेमकॉपी या सी भाषेतल्या तयार फंक्शनने पॅकेट मेमरीत कॉपी केलंय. कुठे चुकलं? (पुण्याहून, नोकरी करणारा वाचक)

‘एक सोडून एक’ हे तुम्ही इतकं नेमकं लिहिलंत की उत्तर एका ओळीचं आहे : या चिपची पॅकेट मेमरी प्रोसेसरला सलग दिसत नाही.

ती आहे ५१२ बाइट, हेक्स ४०००६००० पासून. यूएसबी हार्डवेअरला ती सलग ५१२ बाइट दिसते. प्रोसेसरच्या बाजूने मात्र प्रत्येक ३२ बिटांच्या घरात खालचे १६ बिटच खरे, वरच्या १६ च्या मागे मेमरीच नाही. म्हणजे ५१२ बाइट १०२४ बाइटच्या जागेत पसरलेत, शेतात एक सरी सोडून लावण केल्यासारखे. मेमकॉपीने चार-चार बाइट लिहिले, त्यातले दोन बसले, दोन हवेत गेले. म्हणून कॉपीचा लूप हाताने लिहा, दोन बाइट जोडून १६ बिटांचा शब्द करा, लिहा, आणि प्रोसेसरचा पत्ता ४ ने पुढे सरकवा. वाचतानाही तसंच. यूएसबीच्या बाजूचा पत्ता दुप्पट केला की प्रोसेसरच्या बाजूचं ऑफसेट मिळतं, एवढं पाठ केलं की झालं.

हेच मघाशी म्हटलेल्या तिसऱ्या भागाला लागू. बीटेबल रजिस्टरात जो पत्ता असतो, बहुतेक वेळा ०, तिथे पॅकेट मेमरीत एक तक्ता असतो, प्रत्येक एंडपॉइंटला चार नोंदी : ट्रान्समिट बफरचा पत्ता, किती बाइट पाठवायचे, रिसीव्ह बफरचा पत्ता, आणि रिसीव्हचा आकार-अधिक-मिळालेली संख्या. प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे एका एंडपॉइंटला ८ आणि आठांना मिळून ६४ बाइट. उरले ४४८, म्हणजे ६४ चे सात बफर, त्यातले दोन एंडपॉइंट झिरोला. जे एंडपॉइंट वापरत नाही त्यांच्या नोंदींची जागा बफरला वापरता येते, आणि जागा कमी पडली की सगळे तेच करतात. या नोंदीत पत्ता लिहिताना मात्र यूएसबीच्या बाजूचा लिहायचा, दुप्पट केलेला नाही. इथे फार जण गडबडतात, कारण नोंद जिथे आहे तो पत्ता दुप्पट आणि नोंदीच्या आत जे आहे ते दुप्पट नाही.

चौथ्या नोंदीत खालचे दहा बिट हार्डवेअर भरतं, किती बाइट आले ते. वरचे सहा तुम्ही भरायचे, बफर केवढा आहे ते, पण बाइटमध्ये नाही, ठोकळ्यांत. सगळ्यात वरचा बिट ० तर ठोकळा २ बाइटचा, १ तर ३२ बाइटचा, आणि ३२ च्या वेळी लिहिलेल्या आकड्यात एक मिळवायचा. म्हणून ६४ बाइटसाठी वरचा बिट १ आणि ठोकळ्यांचा आकडा १, म्हणजे नोंद १००० ०१०० ०००० ००००. ठोकळे २ लिहिलेत तर बफर ९६ चा धरला जाईल आणि एखादं जास्तीचं पॅकेट शेजाऱ्याच्या घरात घुसेल.

ऑफिसच्या कामात वापरणार असाल तर आधीच सांगून ठेवतो, एफ१०३ मध्ये ही ५१२ बाइट मेमरी यूएसबी आणि कॅन बस (गाड्यांत वगैरे वापरतात ती दुसरी संवादाची पद्धत) दोघांची मिळून एक आहे, दोन्ही एका वेळी चालत नाहीत. प्रॉडक्टला दोन्ही हवं असेल तर बोर्ड काढायच्या आधी चिप बदला. एफ०७२ मध्ये पॅकेट मेमरी १०२४ बाइट आहे आणि ती सलग १६ बिटांनी वापरता येते, तिथे हा सरीचा प्रकार नाही. म्हणूनच एफ०७२ चा कोड एफ१०३ वर उचलून टाकला की तुमचा हा ‘एक सोडून एक’ हमखास येतो.

प्रश्न : सेट ॲड्रेसची कमांड आली की मी लगेच डीएडीडीआरमध्ये पत्ता लिहितो आणि तिथेच सगळं थांबतं. हाच लॉजिक एफ४०७ वर चालत होता. असं का? (नागपूर)

कारण दोन्ही चिपमधले यूएसबी मॉड्यूल वेगळ्या घराण्यातले आहेत, नाव एसटीएम३२ असलं तरी. सेट ॲड्रेसला उत्तर म्हणून डिव्हाइसने शून्य बाइटचं पॅकेट पाठवायचं असतं आणि ते जुन्याच पत्त्यावरून, म्हणजे ० वरूनच, जायला हवं. एफ१०३ मध्ये डीएडीडीआर लिहिताक्षणी लागू होतं. तुम्ही पत्ता बदललात, पीसी अजून ० नंबरच्या दारावर उत्तराची वाट बघतोय आणि तुम्ही घर बदलून गेलात. म्हणून पत्ता एका व्हेरिएबलमध्ये ठेवा, शून्य बाइट पाठवायला लावा, आणि सीटीआर-टीएक्स चढला, म्हणजे पीसीने ते घेतलं, की मग लिहा. एफ४०७ च्या ओटीजी (ऑन-द-गो) नावाच्या यूएसबी मॉड्यूलमध्ये मात्र पत्ता लगेच लिहायचा असतो, कधीपासून लागू करायचा ते हार्डवेअर स्वतः सांभाळतं.

पत्ता खालच्या सात बिटांत, आणि बिट ७ हा इनेबल, तो प्रत्येक वेळी १ च लिहायचा. बस रीसेट आल्यावर डीएडीडीआर साफ होतं, तेव्हा पत्ता ० आणि बिट ७ चढवलेला, असं परत लिहावं लागतं. पीसी ओळख करून घेताना एकापेक्षा जास्त वेळा रीसेट देऊ शकतो, त्यामुळे हे मेनमध्ये एकदाच न लिहिता रीसेटच्या इंटरप्टमध्ये लिहा.

प्रश्न : माझ्याकडे तर काहीच होत नाही. माझ्या लॅपटॉपवर डिव्हाइस दिसतच नाही, मित्राच्या पीसीवर कधी दिसतं कधी नाही. रजिस्टरं दहा वेळा तपासली. (फोंडा, गोवा)

रजिस्टरं बाजूला ठेवा आणि बोर्ड पालथा घाला, बऱ्याच ब्लू पिलवर आर१० हा रेझिस्टर मागच्या बाजूला असतो. डी-प्लस लाइन ३.३ व्होल्टला ओढणारा तो रेझिस्टर, त्यावरूनच पीसीला कळतं की कोणीतरी फुल-स्पीड डिव्हाइस जोडलंय. तो १.५ किलो-ओहम हवा. पुष्कळ बोर्डांवर तो १० किलो लावलेला असतो, त्यावर १०३ छापलेलं दिसेल. पीसीच्या बाजूला त्याच लाइनवर १५ किलो खाली ओढत असतो. हिशोब करा : १.५ किलोला लाइनवर ३ व्होल्ट येतात, १० किलोला जेमतेम १.९८, आणि पीसीला ‘वर’ म्हणायला २ व्होल्ट लागतात. म्हणून एका मशीनवर चालतं, दुसऱ्यावर नाही. बदलायला हात बसत नसेल तर ए१२ पिन आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये १.८ किलोचा एक रेझिस्टर वरून जोडा, दोन्ही मिळून १.५ च्या आसपास येतात.

लाइन वर आहे का हे सॉफ्टवेअरमधूनही बघता येतं, पॉवर-डाउन उतरवल्यावर एफएनआर वाचा, बिट १५ हा डी-प्लसची आत्ताची पातळी आणि बिट १४ डी-मायनसची. केबल जोडलेली आणि बस शांत असताना १५ चढलेला आणि १४ उतरलेला दिसला पाहिजे. घड्याळही एकदा बघून घ्या, यूएसबीला अचूक ४८ मेगाहर्ट्झ लागतात, ८ च्या क्रिस्टलवरून पीएलएलने (घड्याळाचा वेग वाढवणाऱ्या सर्किटने) ७२ करून १.५ ने भागायचं. आतल्या आरसी ऑसिलेटरवरून ४८ चा आकडा जुळवता येतो, पण फुल-स्पीडला चूक पाव टक्क्याच्या आत लागते आणि तो तेवढा पक्का नसतो, तिथेही हेच ‘कधी दिसतं कधी नाही’ सुरू होतं. रेझिस्टर बदलूनही तसंच राहिलं तर केबल जोडलेली असताना सीएनटीआर, आयएसटीआर, एफएनआर आणि ईपी०आर या चौघांचे आकडे लिहून पाठवा, पुढच्या अंकात बघू.